तिसऱ्या दिवशीच का मोडतं?

पत्र:

ताई, मी ३२ वर्षांची आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून सिगरेट ओढते, आता दिवसाला १०-१२ होतात. नवऱ्याला माहितेय, बाकी घरात कुणालाच नाही. तीनदा सोडायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तिसऱ्या दिवशी मोडला. शेवटच्या वेळी तर मुलाने पाणी सांडलं म्हणून त्याच्यावर इतकी ओरडले की तो रडत रडत झोपला, मग मी खाली जाऊन एक ओढून आले आणि लगेच शांत वाटलं, त्याचीच जास्त लाज वाटली. सिगरेट नसेल तर कामात डोकं चालत नाही, टेन्शन आलं की हीच एक गोष्ट शांत करते. निकोटीनने माझ्या मेंदूचं कायमचं नुकसान झालंय का? की माझ्यातच विलपॉवर नाही? मैत्रीण म्हणते निकोटीनचं गम घे, पण ते एक व्यसन सोडून दुसरं धरल्यासारखंच नाही का? माझं नाव छापू नका.

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी त्या तिसऱ्या दिवसाबद्दलच बोलूया, कारण तिन्ही वेळा तू बरोबर तिथेच अडकलीस आणि हा योगायोग नाहीये. शेवटची सिगरेट विझवली की साधारण २ तासांत रक्तातलं निकोटीन अर्ध्यावर येतं, पुढच्या २ तासांत त्याचंही अर्धं, असं करत दुसऱ्या दिवशीपर्यंत ते जवळपास संपलेलं असतं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विड्रॉवलचा, म्हणजे निकोटीन तुटल्यामुळे होणारा त्रास सगळ्यात जास्त असतो, म्हणजे चिडचिड, अस्वस्थपणा, एका जागी मन न लागणं, झोप मोडणं, सारखी भूक, उगाच रडू येणं. नंतर तो हळूहळू उतरतो, बहुतेकांचा २ ते ४ आठवड्यांत बराचसा जातो. म्हणजे तू तिन्ही वेळा सगळ्यात अवघड चढ चढून जवळपास वर पोचली होतीस आणि तिथूनच मागे फिरलीस, पुढे उतार आहे हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलावर ओरडलीस त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे, पण त्यावरून तू आई म्हणून कशी आहेस हे ठरवू नकोस गं, तो निकोटीन संपल्याचा तिसरा दिवस होता आणि तू तो एकटीने काढत होतीस.

आता विलपॉवरचं. यासाठी एक झुरका आत गेल्यावर काय होतं ते नीट बघ. धूर फुप्फुसात जातो, तिथे रक्त आणि हवा यांच्यामधला पडदा इतका पातळ असतो की निकोटीन लगेच रक्तात उतरतं, तिथून हृदयात आणि हृदयातून थेट मेंदूत, सगळं मिळून १० ते २० सेकंदांत. शिरेत इंजेक्शन दिलं तरी यापेक्षा लवकर पोचत नाही. मेंदूत आपलं स्वतःचं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन असतं, जागं राहणं, लक्ष देणं, लक्षात ठेवणं यात त्याचा मोठा वाटा आहे, आणि ते पेशींवरच्या ज्या रिसेप्टरवर (म्हणजे रसायनाला बसायच्या ठरलेल्या जागेवर) जाऊन बसतं त्यातल्याच एका प्रकारावर निकोटीनलाही बसता येतं. त्या रिसेप्टरना नावच मुळी निकोटिनिक रिसेप्टर पडलंय. (औषधं शरीरातल्या ठराविक रिसेप्टरवर बसून काम करतात हा विचार आज आपण गृहीत धरतो, पण तो पुढे आला त्यात निकोटीनचा हात होता, १९०५ साली केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी निकोटीन आणि क्युरारे नावाचं विष यांचे स्नायूंवरचे परिणाम बघून तो मांडला होता.)

निकोटीन तिथे बसलं की मेंदूच्या आतल्या एका भागात डोपामिन सुटतं. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं सगळीकडे लिहिलेलं असतं पण ते अर्धवट आहे, त्याचं एक मोठं काम मेंदूला शिकवण्याचं आहे, की आत्ता जे केलंस ते महत्त्वाचं होतं, लक्षात ठेव आणि परत कर. आता तुझा हिशेब कर. एका सिगरेटचे साधारण १० झुरके धरले आणि दिवसाला १२ सिगरेटी, तर १२० वेळा हा धडा गिरवला जातो, रोज, इतकी वर्षं, आणि प्रत्येक वेळी काही सेकंदांत. सोबत त्या वेळी आजूबाजूला जे असेल तेही चिकटतं, कॉफीचा कप, एक ठराविक जिना, फोनवर कुणाशी तरी वाजल्यावरची ती ५ मिनिटं. नुसतं ठरवून हे पुसलं जात नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की सिगरेटचं व्यसन लागतं, ते लावणारं ड्रग निकोटीनच आहे आणि हे व्यसन हेरॉइन-कोकेनच्या व्यसनासारख्याच पद्धतीने घडतं. आणि तरी १९९४ साली ७ मोठ्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख अमेरिकन संसदेच्या समितीसमोर शपथ घेऊन, ओळीने, म्हणाले की निकोटीनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. मला आजही याचा संताप येतो, कारण त्याचा परिणाम असा झाला की तुझ्यासारखी माणसं वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत बसली.

टेन्शनवर सिगरेट हाच उपाय आहे असं तू लिहिलंस. हे तुला जाणवतं ते खरंच आहे, मी नाही म्हणत नाही, पण शांत वाटण्यामागे काय आहे ते बघ. सारखं निकोटीन मिळत राहिलं की हे रिसेप्टर सुस्त पडतात, काही वेळ दादच देत नाहीत, आणि मेंदू त्याची भरपाई म्हणून आणखी रिसेप्टर तयार करतो. मग दोन सिगरेटींच्या मधे निकोटीन खाली आलं की हे सगळे वाढलेले रिसेप्टर रिकामे होतात, आणि तू बेचैन होतेस, चिडचिड होते, समोरच्या स्क्रीनवर लक्ष लागत नाही. तेवढ्यात एक ओढतेस आणि दोन मिनिटांत सगळं ठीक. म्हणजे ती सिगरेट जी बेचैनी घालवते ती बरीचशी आधीच्या सिगरेटनेच मागे ठेवलेली असते, ऑफिसचं टेन्शन जागच्या जागीच असतं. सकाळची पहिली सर्वात भारी लागते ना? रात्रभर निकोटीन मिळालेलं नसतं, रिसेप्टर ताजेतवाने होऊन वाट बघत असतात, म्हणून. आणि हे फक्त माझं म्हणणं नाही, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात सिगरेट सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाला होता. पहिले काही आठवडे उलटं वाटतं हे मात्र आहेच, आणि लोक नेमके त्याच आठवड्यांत ठरवून टाकतात की मला सिगरेटशिवाय जमतच नाही.

एक गोष्ट तू स्वतः करून बघ. ओढायच्या आधी शांत बसून मनगटावर बोटं ठेव आणि १ मिनिट ठोके मोज. ओढून झाल्यावर त्याच जागी बसून परत मोज. बहुतेक वेळा १०-१५ ठोके वाढलेले दिसतील. मन म्हणतंय शांत झालं आणि शरीर मात्र पळायच्या तयारीत, कारण निकोटीनमुळे मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात, ब्लड प्रेशर थोडं वर जातं, बोटं गार पडतात, भूक मरते. दिवसात १२ वेळा हृदयाला उगाच दामटायचं, आणि वर धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवायची. झोपेचंही तेच, झोपायच्या आधीची सिगरेट रिलॅक्स करते असं वाटतं पण निकोटीन जागं ठेवणारं आहे, झोप उथळ होते.

इथे मला एक प्रश्न विचारायचाय आणि तो जरा सिरियस आहे. तू गर्भनिरोधक गोळ्या घेतेस का? घेत असशील तर दोन गोष्टी. एक म्हणजे इस्ट्रोजेनमुळे लिव्हर निकोटीन जास्त वेगाने मोडतं, त्यामुळे बायकांमध्ये, आणि या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आणखीनच, निकोटीन लवकर उतरतं आणि विड्रॉवल जड जाऊ शकतो. दुसरी जास्त महत्त्वाची, सिगरेट आणि इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या एकत्र आल्या की रक्ताच्या गुठळ्या, हार्ट अटॅक, स्ट्रोक यांचा धोका वाढतो, आणि पस्तिशीनंतर तर ओढणाऱ्या बायकांना सहसा या गोळ्या देतच नाहीत. तू ३२ ची आहेस. घरात लपवतेस ते समजू शकते, पण गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरपासून हे लपवू नकोस, आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तेही त्यांना सांग कारण निकोटीन पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

मेंदूचं कायमचं नुकसान झालंय का, हा तुझा प्रश्न. जे रिसेप्टर वाढलेत ते परत कमी होतात. सिगरेट सोडलेल्या लोकांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये हे दिसलंय, काही आठवड्यांपासून साधारण ३ महिन्यांपर्यंतच्या काळात त्यांची संख्या कधीच न ओढणाऱ्यांइतकी होते. डोकं चालत नाही असं जे वाटतं तेही याच काळात सुधारत जातं. आठवण मात्र जास्त टिकते, म्हणजे वर्षभराने एखाद्या दिवशी तोच जिना, तसंच भांडण, आणि अचानक तलफ येईल. ती आली म्हणून काही बिघडलं असं समजू नकोस. तलफेचा जोर सहसा काही मिनिटांचाच असतो, ५ मिनिटं जागा बदलली, पाणी प्यायलं, कुणाला फोन लावला तर ओसरते. फक्त एकच ओढते असं त्या वेळी वाटेल, तिथे सांभाळ, कारण नुसत्या एक-दोन झुरक्यांनी मेंदूतले या प्रकारचे निम्मे रिसेप्टर काही तासांसाठी भरून जातात, हे २००६ साली स्कॅन करून पाहिलेलं आहे. मेंदूला तेवढं पुरतं सगळं जुनं आठवायला.

आणि कमी करत करत आणू असा विचार असेल तर त्यातली गोम सांगते. संख्या कमी केली की माणूस नकळत झुरके खोल आणि जास्त घेतो, त्यामुळे १२ च्या ६ केल्या तरी निकोटीन निम्मं होत नाही. आणि हृदयाच्या बाबतीत तर २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की दिवसाला फक्त १ ओढणाऱ्यांनाही, २० ओढणाऱ्यांचा जो जास्तीचा धोका असतो त्याच्या जवळपास निम्मा धोका राहतोच. त्यामुळे एक तारीख ठरवून पूर्ण बंद करणं बरं, आणि मेंदूचं निकोटीन एकदम तुटू नये म्हणून त्याला दुसरीकडून थोडं द्यायचं. इथेच तुझ्या मैत्रिणीचं गम येतं.

मैत्रीण बरोबर सांगतेय. एक सोडून दुसरं धरणं का नाही, तर निकोटीनची पकड बरीचशी वेगात आहे. सिगरेटने ते १०-२० सेकंदांत मेंदूत धडकतं, गममधून तोंडाच्या आतल्या त्वचेतून झिरपत वर चढायला २०-३० मिनिटं जातात, त्वचेवर चिकटवायच्या पॅचमधून तर काही तास. तो झटका नसतो म्हणून धडा गिरवला जात नाही, फक्त रिकाम्या रिसेप्टरचा आरडाओरडा कमी होतो. आणि धुरातली ७००० च्या वर रसायनं, त्यातली कॅन्सर करणारी ७० च्या आसपास, टार, कार्बन मोनॉक्साइड, यातलं काहीच गममध्ये नाही. निकोटीन अगदी निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाहीये, मघाशी ठोके मोजायला सांगितलेच, पण सिगरेटने माणसं मरतात ती मुख्यतः धुराने. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटीनचं गम आणि पॅच २००९ पासून आहेत, त्यामुळे पळवाट वगैरे म्हणून लाज वाटून घेऊ नकोस, हे औषध आहे. (वेपचं, म्हणजे ई-सिगरेटचं विचारलं नाहीस पण कुणीतरी सुचवेलच म्हणून सांगते, त्यात निकोटीन परत फुप्फुसातून आणि वेगाने जातं, त्यामुळे झुरक्याची सवय तशीच राहते, मी तुला त्या वाटेने पाठवणार नाही.)

फक्त गम चघळायची पद्धत बहुतेकजण चुकतात आणि मग म्हणतात गम काही कामाचं नाही. साध्या च्युइंगगमसारखं सारखं चावलं तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, त्यातलं बरंचसं लिव्हर मोडून टाकतं, आणि वाट्याला येतात नुसती उचकी आणि मळमळ. सावकाश चाव, तिखटसर चव किंवा जिभेला मुंग्या जाणवल्या की थांब आणि गालाच्या आत हिरडीपाशी ठेवून दे, चव गेली की परत थोडं चाव, मग दुसऱ्या बाजूला ठेव, असं अर्धा तास. आधी १५ मिनिटं आणि चघळताना कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक नको, तोंडात आंबटपणा असला की निकोटीन शोषलं जात नाही. २ मिग्रॅ की ४, हे कसं ठरवायचं तर उठल्यावर पहिली सिगरेट अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४, नाहीतर २. तलफ आल्यावर गम शोधण्यापेक्षा पहिले काही आठवडे दर एक-दोन तासांनी घेत राहा. आणि शक्य असेल तर पॅच आणि गम दोन्ही, पॅचने दिवसभराची पातळी सांभाळली जाते आणि गमने मधले झटके, एकट्या गमपेक्षा या जोडीने सोडणाऱ्यांना जास्त यश येतं. पॅच २१, १४ आणि ७ मिग्रॅचे येतात, तू १०-१२ च्या काठावर आहेस म्हणून कुठून सुरू करायचं ते डॉक्टरला ठरवू दे. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळीही आहे, ती त्याच रिसेप्टरवर बसून त्यांना अर्धवटच चालू करते, त्यामुळे तलफ कमी होते आणि ओढलीच तर पूर्वीसारखी मजा येत नाही, सोडायच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करतात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. आणि हे गम, पॅच सगळं मुलाच्या हाती लागणार नाही असं ठेव, वापरलेला पॅचसुद्धा, त्यात बरंच निकोटीन उरलेलं असतं आणि लहान मुलाला ते विष आहे.

कॉफीचं जवळजवळ कुणी सांगत नाही. सिगरेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे लिव्हर कॅफीन भराभर मोडत असतं. ओढणं थांबलं की काही दिवसांत तो वेग उतरतो, आणि तेवढीच कॉफी प्यायलीस तरी रक्तात कॅफीन खूप जास्त राहतं, जवळपास दुप्पट. मग छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जागं, आणि आपल्याला वाटतं हा विड्रॉवल आहे, सहन होत नाहीये. सोडशील त्या दिवसापासून कॉफी सरळ निम्मी कर. काही औषधांचंही असंच होतं, दम्यासाठीचं थिओफिलिन, मानसिक आजारासाठीची क्लोझापिन, ओलान्झापिन, तेव्हा यातलं काही चालू असेल तर सोडायच्या आधी डॉक्टरशी बोलून डोस बघून घे.

वजनाचं खोटं सांगणार नाही, सरासरी पहिल्या वर्षात ४-५ किलो वाढतं, कुणाचं काहीच नाही, कुणाचं जास्त. भूक परत येते, चव परत येते. पहिल्या महिन्यात डाएटच्या मागे लागू नकोस, एका वेळी एकच लढाई.

आता तारीख. शुक्रवार धर, म्हणजे दुसरा-तिसरा दिवस शनिवार-रविवारी येईल आणि ऑफिस मधे येणार नाही. नवऱ्याला आजच सांग की त्या दोन दिवशी संध्याकाळी मुलाला घेऊन तो बाहेर जाईल, जेवण तो बघेल, आणि तू चिडलीस तर वाद न घालता तासभर तुला एकटीला सोडेल. तू लपवून ओढत आलीस म्हणून सोडणंही लपवूनच करत होतीस, घरातल्यांना दिसत होती फक्त विनाकारण भडकलेली तू. सगळ्यांना सांग असं मी म्हणणार नाही, तुझं घर तुला माहीत, पण नवऱ्याशिवाय आणखी एक माणूस हवंच, ती गमवाली मैत्रीण चालेल, रात्री ११ वाजता फोन केला तरी उचलेल अशी. मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्यालाही आधी सांगून ठेव की आईला दोन-तीन दिवस बरं नसणार, चिडले तर ती तुझी चूक नाही.

उदासी २-४ आठवड्यांनीही तशीच राहिली, किंवा कधी जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर हा विड्रॉवलच असेल म्हणून अंगावर काढू नकोस, लगेच डॉक्टरकडे जा.

आणि समजा मधेच एखादी ओढली गेलीच, तर पॅच उपटून टाकू नकोस, तो तसाच राहू दे, गम चालू ठेव, पाकिटात उरलेल्या सिगरेटी पाण्यात बुडवून फेकून दे आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याला किंवा मैत्रिणीला सांग की कुठे, किती वाजता आणि कशावरून ओढली, म्हणजे पुढच्या वेळी त्या जागी त्या वेळेला काय करायचं ते दोघी-दोघं मिळून ठरवता येईल.